खिडकीला अजून पल्ले नाहीत

इंजिनिअरसाहेबांनी टेम्पोतून उतरवला तेव्हा
मला वाटलं, कंदिलाचा थोरला भाऊ असेल.
पुढे लोखंडी जाळी, मागे नळी,
नळीच्या शेवटी निळी टाकी.
म्हणाले, फुलवंताबाई, स्टोअर तुमच्याकडे,
हाही तुमच्याकडेच.
दवाखान्याच्या मागच्या तीन खोल्यांची पुट्टी वाळत नव्हती.
पौषाचा गारठा,
धानाच्या रिकाम्या बांध्यांवरून येणारा वारा,
आणि महिनाअखेर चाव्या द्यायच्या होत्या.

दिवसभर त्यानं भिंती वाळवल्या.
टाकी मी उभीच ठेवली, जाळीपासून लांब, विटांचा आडोसा करून.
थिनरचे डबे पार पलीकडच्या खोलीत नेले,
सिमेंटच्या रिकाम्या पिशव्याही.
पण रात्री माणसं भिंतींपेक्षा जास्त ओली असतात.

छबिलाल म्हणाला, राहू दे नं काकी इथंच,
आमी तनसीवर पडू,
दारावर ताडपत्री टाकून घेऊ.
काऊन नाही म्हन्ते?

मी हीटर विझवला, थंड होऊ दिला.
वाटीत कपड्याच्या साबणाचा फेस केला,
टाकी जराशी उघडली
आणि नळीच्या जोडावर फेस बोटानं लावला.
झुनकीची पोर उकिडवी बसून बघत होती.
जोडावर एक बुडबुडा आला.
फुगला.
त्यात छताचा बल्ब मावला,
आम्ही सगळे मावलो, उलटे.
पोरीनं टाळ्या पिटल्या.
मी टाकीचा कान पिळला.
अजून एक कर, ती म्हणाली.
नाही गं बाई, हा खेळ एकदाच.

तिसऱ्या दिवशी नवी नळी आली.
फेस लावला, फेस नुसता बसून राहिला.
छबिलाल हसला,
आता तं वास बी येत नाही, आता काहाची भीती?

माझ्या पाठीवरून गार पाणी गेलं.

विटभट्टीवर होते तेव्हा
सुखराम आणि त्याची बायको
निखाऱ्यांचं घमेलं आत घेऊन निजले होते.
दाराच्या फटीत गोणपाट कोंबलेलं, अगदी नेटकं.
सकाळी मी चहा घेऊन गेले.
दोघांचे गाल गुलाबी होते,
लग्नातसुद्धा नव्हते इतके.
धूर नव्हता. वास नव्हता.
मी दोन कप हातात धरून उभी राहिले,
चहावर साय धरेपर्यंत.

हे मी छबिलालला सांगितलं नाही.
त्याला सांगितलं,
साहेबांचा हुकूम आहे.
हुकूम म्हटलं की माणसं वाद घालत नाहीत,
नुसती शिव्या देतात.

नऊ वाजले की मी कान पिळते.
जाळी लालची केशरी होते, मग राखेची,
मग साधं लोखंड.
टाकी बाहेर, जाळीच्या पिंजऱ्यात, कुलपात.
चावी माझ्या गळ्यात.
पोरं मला थंडीची सावकारीण म्हणतात.
म्हणोत.
तनस जाड अंथरा म्हणते, लागून लागून निजा,
छबिलालच्या घोरण्यालाही थोडी ऊब असते.

पहाटे उठते तेव्हा
खिडकीच्या चौकोनातून वारा सरळ आत आलेला असतो,
कुणाला न विचारता.
बॅटरीच्या उजेडात मी वाफा मोजते.
अकरा तोंडं, अकरा वाफा.
झुनकीच्या पोरीची सगळ्यात लहान,
ती मोजायला वाकावं लागतं.
मग बाहेर जाऊन चूल पेटवते.

सुतार सोमवारी पल्ले घेऊन येणार आहे.
त्याला निरोप धाडलाय,
लाव बाबा, दवाखाना आहे, लावावे तर लागतील.
पण वरचा झरोका
आम्ही इथून जाईपर्यंत
उघडाच राहू दे.